कारखाने बंद पडलेल्या छोट्या गावात राहायला जाण्याचे फायदे काय?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की काम घरूनच चालतं, शहरातलं भाडं परवडत नाही आणि जिथली गिरणी कधीच बंद पडली अशा एका छोट्या गावात घर स्वस्तात मिळतंय, तर तिथे राहण्याचे फायदे काय. खालची बहुतेक उत्तरं 'शांतता, स्वस्ताई, मोकळी हवा' एवढ्यावर थांबलेली बघून लिहायला बसलो. शांतता आणि स्वस्ताई कुठल्याही आडगावात मिळते, त्यासाठी गिरणीचं गाव कशाला हवं? या गावांकडे जे आहे ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही, आणि तेच सोडून लोक 'मेलेलं गाव' म्हणून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो.

हे गाव आजच्या गरजेपेक्षा कितीतरी जड कामासाठी बांधलेलं असतं. इमारती, वीज, पाणी, रस्ते आणि माणसांच्या हातातलं कसब, सगळंच. राहत्या घराचा मजला बांधताना चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार धरतात. कारखान्याच्या मजल्याला 500 पासून 1000 किलोपर्यंत धरावा लागतो. छपाईचं यंत्र, माग किंवा भिंतभर पुस्तकांची कपाटं वरच्या मजल्यावर न्यायची तर नव्या फ्लॅटमध्ये आधी परवानगी आणि मग भीती. गिरणीत हा प्रश्न सहसा येत नाही. दातेरी छपराच्या (करवतीच्या दातांसारख्या छपराच्या) शेडमध्ये काचेची बाजू उत्तर गोलार्धात उत्तरेला ठेवलेली असते. ऊन थेट आत येत नाही, दिवसभर सारखा, कडक सावली न पाडणारा उजेड मिळतो. विणताना तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय चित्रकाराला, शिंप्याला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला आयती मिळते.

उदाहरणं हवी असतील तर भरपूर आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ अ‍ॅडम्समधला स्प्रेग इलेक्ट्रिकचा कारखाना 1985 साली बंद झाला. वस्ती आज जेमतेम 13,000. त्याच इमारतींत 1999 साली मास मोका हे समकालीन कलेचं संग्रहालय उघडलं, आणि नेहमीच्या दालनांत मावणार नाहीत अशा अवाढव्य कलाकृती तिथे मांडता येतात. इंग्लंडमधल्या सॉल्टेअरची गिरणी 1853 सालची. ती 1986 साली थांबली, पुढच्याच वर्षी विकली गेली आणि तिच्यात चित्रदालन, दुकानं, कचेऱ्या आल्या. फिनलंडमधलं फिस्कार्स 1649 पासून लोखंड गाळणारं गाव. आज तिथे सुतार, कुंभार, काचकाम करणारे राहतात आणि तिथेच काम करतात.

चालत सगळीकडे पोचता येणं हा दुसरा फायदा. पाळीच्या भोंग्याला कामगार पायी यायचे, म्हणून घरं, शाळा, सभागृह, बाग हे सगळं गिरणीपासून चालण्याच्या अंतरात बसवलं गेलं. जुनी मालगाडीची लाइन उखडून तिथे सायकलचा रस्ता झाला असेल तर तो कुणालाही झेपतो, कारण जड मालगाडीला चढ सोसत नाही आणि बहुतेक मार्गांचा चढ दोन टक्क्यांच्या आतच ठेवलेला असतो.

पण माझ्या मते सगळ्यांत मोठा ऐवज म्हणजे कारागीर. टर्नर, फिटर, वेल्डर, साचे बनवणारे, बॉयलरवर काम केलेले. कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रं भंगारात जातात, पण ही माणसं गावात राहतात आणि घरामागच्या शेडमध्ये एखादं लेथ (धातू फिरवत कापून आकार देणारं यंत्र) चालू ठेवतात. याची किंमत एका साध्या कामात कळते. पंपाचा किंवा यंत्राचा ब्राँझचा बुश (फिरता दांडा ज्यात बसतो ती नळी) झिजला. शाफ्ट, म्हणजे तो दांडा, 25 मिलिमीटरचा आहे. शाफ्ट आणि बुश यांच्यात साधारण 0.025 ते 0.05 मिलिमीटर मोकळीक हवी. कमी ठेवली तर तेलाला जागा राहत नाही, बुश तापून शाफ्टला धरतो. जास्त ठेवली तर शाफ्ट थरथरतो आणि नवा बुशही लवकर जातो. नवशिका बुश नेमक्या मापाचा करून हाउसिंगमध्ये (बुश ज्यात बसतो त्या भागात) दाबतो आणि मग शाफ्ट आत जातच नाही, कारण दाबून बसवल्यावर बुशचं आतलं भोक आवळतं. जाणता टर्नर भोकात थोडा माल राखतो, बुश दाबून बसवतो आणि मग रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून अखेरचं माप काढतो. हे त्याला सांगावं लागत नाही. तुम्ही फक्त जुना बुश, शाफ्ट आणि हाउसिंग तिन्ही घेऊन जा. नुसता झिजलेला बुश नेलात तर मूळ माप कुणालाच कळणार नाही.

तिसरा फायदा थ्री फेज वीज. अशा गावात ती दारापर्यंत आलेली असण्याची शक्यता मोठी. मोटर थेट चालू केली की क्षणभर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, म्हणून पाच-सात अश्वशक्तीच्या पुढे सिंगल फेजवर काम करणं म्हणजे रोज दिवे मंदावणं आणि फ्यूज बदलणं. पण जागेत थ्री फेज 'आहे' यावर समाधान मानू नका. मंजूर भार किती, मीटर चालू आहे की कापलेला, ट्रान्सफॉर्मरवर अजून जागा आहे का, हे वीज कंपनीकडून लेखी घ्या. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या वायरिंगची मेगरने (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) चाचणी घ्या: उपकरणं काढून ठेवून 500 व्होल्ट डीसीवर किमान एक मेगाओम इन्सुलेशन रेझिस्टन्स मिळायला हवा. रबराच्या आवरणाची जुनी वायर असेल तर चाचणीही करू नका, सरळ बदला. ते आवरण वाकवलं की तडकतं.

घर किंवा शेड बघायला जाल तेव्हा रंग बघू नका, पन्हळी बघा. रिकामी इमारत मरते ती पन्हळीपासून. दातेरी छपरात दोन दातांमधल्या खोलगट पन्हळीत पाला साचतो, पाणी तुंबतं आणि भिंतीत उतरतं. काही विणकाम शेडमध्ये बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पोकळ खांबच पावसाचं पाणी खाली नेतात; खांब आतून तुंबला आणि पाणी गोठलं तर तो उभा चिरतो. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून अशा खांबाला वेल्डिंग करून काही लटकवायचं नाही, पट्टा आवळून लावायचं. लाकडी तुळई असेल तर मधोमध ठोकून काही कळत नाही. ती भिंतीत जिथे शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. ओल भिंतीतून तिथेच येते, कूजही तिथूनच सुरू होते. टोक सहज आत गेलं तर दुरुस्तीचा खर्च धरल्याशिवाय सौदा करू नका.

पाण्याबद्दल. गावची वस्ती निम्म्यावर आली तरी जमिनीखालचे नळ पूर्वीच्याच जाडीचे असतात. पाणी त्यांत जास्त वेळ रेंगाळतं, क्लोरीन संपतं, गाळ बसतो. सांडपाण्याच्या वाहिनीत तर वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली गेला की मैला वाहून जाण्याऐवजी साचायला लागतो. नळात पाणी रेंगाळतं म्हणून सकाळी पहिलं पाणी काही मिनिटं वाहू द्या. ते झाडांना, धुण्याला वापरा. घरात येणारा नळ कशाचा आहे ते स्वतः बघा: नाण्याने खरवडून चकचकीत रुपेरी रेघ आली आणि चुंबक चिकटला नाही तर तो शिशाचा. चुंबक चिकटला तर लोखंडाचा. तांबडा निघाला तर तांब्याचा. शिसं पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. शिशाचा नळ असेल तर तो बदलायचा. तोपर्यंत पिण्याच्या नळाला शिसं काढण्यासाठी प्रमाणित केलेला फिल्टर लावा.

मातीचंही तसंच. चामड्याचा कारखाना होता तर क्रोमियम, कोळशापासून गॅस करत असतील तर डांबर आणि सायनाइड, यंत्रांचे भाग धुवायचे तर ट्रायक्लोरोइथिलिन (वंगण काढणारं द्रावण). हे शेवटचं वाफ होऊन जमिनीतून घरात शिरतं, म्हणून तळघर असेल तर हवेचीही तपासणी हवी. भाजी लावायची तर बागेत आठ-दहा ठिकाणची वरची 15 सेंटिमीटर माती एकत्र करून प्रयोगशाळेत द्या. जिथे मुलं खेळणार तिथली मात्र वरची दोन-तीन सेंटिमीटरच घ्या, कारण मुलांच्या हातातोंडात तीच जाते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने राहत्या जागेच्या मातीतल्या शिशाचा इशारा देणारा आकडा 2024 साली 400 वरून 200 पीपीएमवर (दहा लाख भागांत 200 भाग) आणला. त्याच्या आसपास आकडा आला तर जमिनीत लावू नका; खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) अंथरून त्यावर 30 सेंटिमीटर बाहेरची स्वच्छ माती भरलेले वाफे करा. कंदमुळं आणि पालेभाज्या खाण्यात धोका जास्त, टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाज्यांत कमी.

एवढं वाचून कुणी म्हणेल, हे फायदे आहेत की तोटे? फायदेच, पण ते तपासून घ्यायचे असतात. आणखी काही गोष्टी मान्य करतो. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या गिरण्या नदीकाठी, अरुंद दऱ्यांत उभ्या राहिल्या, त्यामुळे पुराचा इतिहास विचाराच. इंग्लंडच्या काल्डर खोऱ्यातली गिरण्यांची गावं 26 डिसेंबर 2015 रोजी पाण्यात होती. तेवढ्याच नळांचा आणि रस्त्यांचा खर्च कमी लोकांत वाटला जातो, म्हणून कर आणि पाणीपट्टी घराच्या किमतीच्या मानाने जड असू शकते. जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते मोजा. आणि अशा गावात घर घेणं सोपं असतं, विकणं अवघड, म्हणून आधी वर्षभर भाड्याने राहा. प्रश्नकर्त्याचं काम फक्त लॅपटॉपवर चालत असेल आणि हाताने काही करायची हौस नसेल, तर वर लिहिलेल्यातलं निम्मं त्याच्या उपयोगाचं नाही, हेही खरं.

राहता राहिली भिंत, आणि इथे मी कुणाचं ऐकणार नाही. जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंटने पॉइंटिंग करू नका, म्हणजे विटांमधल्या फटी (दर्जा) सिमेंटने भरू नका. 'सिमेंट मजबूत, चुना कच्चा' हे मी इतक्या जाणत्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की हा वाद आता मिटायलाच हवा. जुनी वीट मऊ आणि पाणी पिणारी असते. भिंतीतली ओल दर्जांच्या चुन्यातून बाहेर पडते. दर्जा सिमेंटने बुजवल्या की तीच ओल विटेतून वाट काढते, सोबतचे क्षार विटेच्या पृष्ठभागामागे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्याने गळून पडतो. दर्जांच्या कडा पुढे आणि विटा खोल गेलेल्या दिसल्या की समजायचं, कुणीतरी 'मजबूत' काम करून ठेवलंय.

करायचं असं. सडलेला माल छिन्नीने काढा, दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट आणि किमान 25 मिलिमीटर खोल. उभ्या दर्जांत ग्राइंडर घालू नका, वरखालच्या विटा कापल्या जातात. धूळ झटका, पाणी मारा, पण दर्जेत पाणी साचलेलं नको. एनएचएल 3.5, म्हणजे ओलाव्यातही आळणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, एक भाग आणि खरखरीत वाळू अडीच ते तीन भाग. वीट फारच मऊ असेल तर त्याहून मऊ एनएचएल 2. माल घट्टच ठेवा, हातात गोळा होईल एवढंच पाणी. मागून पुढे थर दाबत भरा. थोडा आळला की ताठ ब्रशने ठोका, म्हणजे वरची साय निघून वाळूचे कण उघडे पडतात आणि दर्जेला श्वास घेता येतो. मग ओलं गोणपाट लावा आणि आठवडाभर ते सुकू देऊ नका. चुना फसतो तो इथेच. उन्हात किंवा वाऱ्यात भसकन वाळला तर बोटाने खरवडला तरी भुगा पडतो, आणि मग दोष चुन्याला दिला जातो. पाच अंशांखाली थंडी असेल तर काम पुढे ढकला. आधी भिंतीच्या एका कोपऱ्यात चौरस मीटरभर करून बघा, महिन्याने नखाने दाबा, आणि तिथे पटलं तरच बाकीच्या भिंतीला हात लावा.