अर्जात दुकान येऊ दे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरिंगच्या इंटर्नशिपच्या अर्जाला जोडायचा 'माझ्याविषयी'चा मजकूर तू पाठवलास, तो नीट वाचला. भाषा स्वच्छ आहे, पण त्यात तू कुठे दिसली नाहीस. 'मेहनती', 'जिज्ञासू', 'टीममध्ये काम करायची आवड' हे तर तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाच्या अर्जात असणार. वडिलांपुढे 'व्यवसाय' आणि आईपुढे 'गृहिणी' लिहून तू मोकळी झालीस. तालुक्याच्या स्टँडमागे तुमचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तारेची नवी गुंडाळी भरायचं दुकान आहे, आणि सीझनला आई जेवणं उरकून रात्री कॉइली गुंडाळत बसते, याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. अगं, तुझ्या अर्जातली सगळ्यात भक्कम बाजू तीच आहे.

संकोच का वाटला ते कळतं. शहरातल्या मुलांच्या अर्जात रोबोटिक्सच्या स्पर्धा असतात. त्यांच्या शेजारी वार्निशच्या वासाचं दुकान कसं मांडायचं, असं वाटलं असेल. काही मुलं दुसरं टोक गाठतात आणि घरची हलाखी सांगण्यातच पान भरवतात. तेही नको. समोरच्याला तुझी कणव यावी म्हणून दुकान लिहायचं नाही. तुला मोटार आतून माहीत आहे, हे त्याला कळावं म्हणून लिहायचं.

आतून माहीत म्हणजे काय, ते सांगतो. शेतकरी तीन फेजची मोटार आणून टाकतो आणि म्हणतो, 'जळाली.' तुझे बाबा कव्हर खोलतात, वाइंडिंगकडे बघतात आणि सांगतात, 'एक फेज गेला होता, दोनवर चालली.' हे त्यांना कशावरून कळतं? तिन्ही फेजच्या कॉइली एकमेकींना जोडायच्या दोन पद्धती असतात, स्टार आणि डेल्टा. मोटार स्टारमध्ये असेल तर दोन फेजच्या कॉइली काळ्या पडतात आणि तिसऱ्या फेजच्या स्वच्छ राहतात. डेल्टात असेल तर एकाच फेजच्या जळतात, बाकी दोन वाचतात. सगळ्या सारख्या काळ्या झाल्या असतील तर पंप जाम झालेला असतो किंवा लोड जास्त असतो. एकाच जागी डाग असेल तर टर्न (तारेचे वेढे) शॉर्ट झालेले असतात. बाबांनी हे वर्षानुवर्षं बघून शिकलंय. तुझं काम त्याचं कारण सांगायचं आहे. एक लाइन गेली तरी पाणी तेवढंच उपसायचं असतं, म्हणून उरलेल्या दोन लाइनींतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. स्टारमध्ये तो दोन फेजमधून एकापाठोपाठ वाहतो. डेल्टात एक फेज उरलेल्या दोन लाइनींवर थेट येतो आणि दुसरे दोन सिरीजमध्ये पडतात, त्यामुळे त्या एकट्यावर जवळजवळ दोन तृतीयांश करंट जातो. हे सर्किट कागदावर काढ. मुलाखतीत कुणी इंडक्शन मोटारबद्दल विचारलं आणि तू एवढं उभ्या उभ्या काढून दाखवलंस, तर पुढचे प्रश्न तुझ्याच अंगणात होतील.

आता एक वही घाल. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारीचा एचपी, जोडणी, तारेचा गेज, टर्न, कोणत्या कॉइली जळाल्या हे लिही. स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) होता का, ओव्हरलोड रिले (करंट फार वाढला की मोटार बंद करणारा) चालू होता की कुणी बायपास केला होता, लाइट रात्रीची असते म्हणून ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा) बसवला होता का, तेही विचार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाव कोणतं आणि डीपी (वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) कोणती. एका सीझनच्या नोंदी झाल्या की एखाद्याच डीपीवरच्या मोटारी पुन्हा पुन्हा येतात का, ते दिसेल. तुझ्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यातूनच निघेल. बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतात, ते मॉडेल कुणीही टेबलावर ठेवू शकतो. ही वही तुमच्या दुकानाशिवाय कुणाकडेच नाही.

दुकानातलं सगळंच बरोबर असतं असं मात्र धरू नकोस. जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, कॉइली बसवलेला भाग) आगीवर धरतात ना, तेव्हा त्याचा पत्र्यांचा लोखंडी कोर फार तापला तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन खराब होतं आणि लोखंडातला लॉस वाढतो. मोटार फिरते, पण जास्त वीज खाते आणि जास्त तापते. तापण्याचा हिशेब कडक आहे: मर्यादेच्या वर गेलेल्या दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. बाबांना हे भाषण देऊन पटणार नाही, आणि देऊही नकोस. दोनचार मोटारींचा नो-लोडचा (काही न ओढता नुसती फिरतानाचा) करंट आणि वॅट रिवाइंडिंगआधी आणि नंतर मोजून त्यांच्यापुढे ठेव. जळून आलेल्या मोटारीची आधीची मोजणी होणार नाही, म्हणून बेअरिंगला आलेल्या चालू मोटारींपासून सुरुवात कर; त्यातली एखादी पुढे रिवाइंडिंगला आली की ताडता येईल.

आणि पुढचं. सौर पंपांसाठीची केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 साली आली. शेतात सौर पंप येताहेत, त्यांच्यासोबत कंट्रोलर येतोय. बिघाड वाइंडिंगकडून इलेक्ट्रॉनिक्सकडे सरकतोय, आणि तुमच्या दुकानालाही उद्या तिकडेच वळावं लागेल. म्हणून पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा विषय फक्त पास होण्यापुरता करू नकोस. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर) त्याचे आणि मशिन्सचे कोर्स आहेत; कॉलेजात शिकवणं कमी पडलं तर ते लाव.

एम-थ्रीच्या (तिसऱ्या गणिताच्या) केटीची, म्हणजे राहिलेल्या पेपरची, फार भीती घेऊन बसलीस. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग गणित झालेलं नसतं, हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असतं. विचारलं तर एका वाक्यात सांग आणि थांब. इंग्रजीचंही तसंच: छोटी वाक्यं, पण स्वतःची.

मजकूर असा सुरू कर: 'आई-वडील मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. आई कॉइल वाइंडिंग करते. डिप्लोमापासून मी तिथे टर्न मोजणं, स्लॉटमध्ये पेपर भरणं आणि मेगरनं इन्सुलेशन तपासणं ही कामं करते.' जे केलं तेवढंच लिही. सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी मोटार) तू अजून स्वतः भरलेली नाहीस, तर ती यादीत घालू नकोस. आईला मात्र आधी विचार. तिचं काम असं छापून गेलेलं चालेल का, हे तिनंच ठरवायचं.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. सोबत दुकानातल्या एखाद्या जळालेल्या स्टेटरचा फोटोही पाठव. कशानं जळाली, आणि एक फेज गेल्यानं जळाली असेल तर जोडणी स्टार होती की डेल्टा, ते मी फोटोवरून सांगतो. तुझं उत्तर तू आधी वहीत लिहून ठेव, मग ताडून बघू.

तुझे,
सर