पायपुसण्यावर लक्ष्मी का नको

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रकल्पात संग्रहालयाच्या दुकानासाठी वस्तू आखायच्या म्हणून तू राजा रविवर्म्याची लक्ष्मी पायपुसण्यावर घेतलीस. सोलापुरात आजीला ते दाखवलंस तर ती म्हणाली, "देवाला पायाखाली घालू नये गं." तू मला विचारलंस, मी तर जुनी कला लोकांपुढे आणतेय, मग यात अपमान कसला?

तुझा हेतू चांगला आहे, आजीलाही ते कळतं. पण आपल्याकडे चित्र काय आहे याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही बघतात. लहानपणी वहीला पाय लागला की तू लगेच नमस्कार करायचीस. त्या वहीत तर नुसती गणितं होती. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. लोकांनी त्या भिंतीवर लावल्या, देवघरात ठेवल्या, त्यांना हळदकुंकू वाहिलं. तू ते चित्र संग्रहालयातलं म्हणून बघतेस, आजी त्याच्यापुढे दिवा लावत आली आहे. कपावरही तिला देव चालायचा नाही, कारण तो उष्ट्यात जातो.

आणखी एक सांगते, आणि मला ते पायपुसण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. वर्ष संपलं तरी आजी कॅलेंडरवरचा देव कचऱ्यात टाकत नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा कापून निर्माल्यात ठेवते. म्हणून दुकानाची कागदी पिशवी, वेष्टण, किमतीची चिठ्ठी यांवर देव घेऊ नकोस. घेणाऱ्याला ते फेकवत नाही आणि ठेवायचं कुठे तेही कळत नाही. अशी अडचण आपण कुणाच्या घरी पाठवू नये.

मग घ्यायचं काय? इथे लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दुकानात विल्यम मॉरिसची 'स्ट्रॉबेरी थीफ' ही १८८३ची नक्षी पिशव्यांवर असते. ती तिथे शोभते, कारण मॉरिसने ती कापडासाठीच काढली होती. तुझ्याजवळ सोलापुरात चादर आहे! जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर मोर, वेलबुट्टी, काठ सगळं विणतानाच उमटतं. त्यासाठी नक्षी आधी आलेख कागदावर चौकोन-चौकोन भरून काढतात. एखाद्या कारखान्यात जाऊन हे बघ, मागाजवळ उभी राहा, विणणाऱ्या काकांना विचार. सोलापुरात पद्मशाली विणकरांची घरं पिढ्यान् पिढ्या हेच करत आली आहेत, त्यांना रंगांचं जे कळतं ते पुस्तकात मिळणार नाही. मग त्या काठाचं चष्म्याचं घर कर, वहीचं आवरण कर, पण विणूनच घे. चादरीचा फोटो काढून कपावर छापलास तर चादरीचा जाडपणा, दोऱ्याचा उठाव, सगळंच जातं. आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा दुसरीकडे विणलेल्या कापडावर ते नाव लावता येत नाही. चिठ्ठीवर विणणाऱ्याचं नाव त्याला विचारून जरूर घाल.

सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या, गड्ड्याच्या जत्रेतलं काही हवं असेल तर नंदीध्वजाची, म्हणजे त्या सजवलेल्या उंच काठीची, पुस्तकखूण कर. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतले भक्त हे उंच नंदीध्वज पेलून चालतात, तू व्हिडिओत पाहिलेस. उंच, सडपातळ आकार खुणेच्या पट्टीत नीट बसतो आणि पुस्तकात राहिला की त्याला पायही लागत नाही. सिद्धरामेश्वरांचं चित्र त्यावर नको, काठी आणि तिची सजावट पुरे.

पायपुसणं तुला करायचंच असेल तर कर, त्यावर चादरीच्या काठाचे नुसते पट्टे आणि चौकटी घे. मोर मात्र चष्म्याच्या घरासाठी राखून ठेव, तो सरस्वतीचं वाहन आहे आणि आजी पुन्हा तेच म्हणेल. आलेख कागदावरचा पहिला आराखडा झाला की मला पाठव.

तुझी आई