हॅटट्रिक सलगच हवी का? बर्फावरच्या हॉकीतून एक शब्दचर्चा

प्रश्न असा आला आहे: “आइस हॉकीच्या एका बातमीत एका खेळाडूने हॅटट्रिक केल्याचं वाचलं. पण त्याच्या तीन गोलांच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचेही गोल झाले होते. मग ही हॅटट्रिक म्हणायची का? प्रेक्षक बर्फावर टोप्या का फेकतात? आणि ‘गॉर्डी हाउ हॅटट्रिक’ म्हणजे काय?”

म्हणायची, निःशंकपणे म्हणायची. आइस हॉकीत एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल केले की हॅटट्रिक झाली. पहिला गोल पहिल्या मिनिटाला आणि तिसरा अखेरच्या मिनिटाला झाला, मध्ये दोन्ही बाजूंनी गोलांचा पाऊस पडला, तरी ती हॅटट्रिकच. ऑस्टन मॅथ्यूजने १२ ऑक्टोबर २०१६ रोजी टोरांटोकडून कारकिर्दीतल्या पहिल्याच एनएचएल (नॅशनल हॉकी लीग, उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धा) सामन्यात चार गोल केले. ओटावाने पाच केले आणि टोरांटो जादा वेळेत हरलं. मॅथ्यूजच्या हॅटट्रिकला मात्र त्याने काही बाधा आली नाही.

आपल्याला शंका येते, कारण आपल्याकडे हा शब्द क्रिकेटने रुजवला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात चेतन शर्माने न्यूझीलंडचे रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. हॅटट्रिक म्हणजे लागोपाठ तीन, हे समीकरण अशा क्षणांनी मनात बसवलं. पुढे राजकारणाने ते आणखी घट्ट केलं. आमदार सलग तिसऱ्यांदा निवडून आला तरच ‘विजयाची हॅटट्रिक’ असा मथळा येतो. दोनदा जिंकला, मग पडला, मग पुन्हा निवडून आला, तर कोणी हा शब्द वापरत नाही. उलट मधल्या पराभवाच्या दिवशी ‘हॅटट्रिक हुकली’ असं छापून आलेलं असतं. म्हणजे मराठीत ‘सलग’ ही छटा शब्दाच्या अर्थातच मुरली आहे. त्यात भर म्हणजे ‘ट्रिक’मध्ये आपल्या कानाला ‘त्रि’, ‘त्रिक’ ऐकू येतं. या दोन शब्दांचं नातं काही नाही. इंग्रजीतल्या या ट्रिकचा अर्थ इथे करामत, कसब. शब्द सुटा करून पाहिला तर त्यात तीनही नाहीत आणि सलगही नाही. आहे ती फक्त टोपी.

ती टोपी खरीखुरी होती. १८५८ मध्ये इंग्लंडात शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. प्रेक्षकांत वर्गणी काढली गेली आणि त्या पैशांतून त्याला टोपी भेट दिली. पराक्रम तीन चेंडूंचा, बक्षीस टोपीचं, आणि शब्द घडला तो बक्षिसावरून. म्हणूनच तो दुसऱ्या खेळांत सहज गेला. प्रत्येक खेळाने तीनचा आकडा ठेवला आणि अट आपापल्या सोयीने लावली. जर्मन भाषकांत तर मुरलेले फुटबॉलप्रेमी एकाच सत्रात, मध्ये दुसऱ्या कोणाचा गोल न होता केलेले तीन गोल असतील तरच अस्सल हॅटट्रिक मानतात.

आपल्या ओळखीच्या गवतावरच्या हॉकीतही सलगपणाची अट नाही, हे इथे लक्षात घ्यावं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या, म्हणजे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं त्याच ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला ६-१ असं हरवलं. सहापैकी पाच गोल बलबीर सिंग यांचे. त्यांच्या हॅटट्रिकबद्दल लिहिताना मधला गोल कोणाचा, हे कोणी तपासत बसत नाही. बर्फावरच्या हॉकीला वेगळा न्याय लावायचं काही कारण नाही.

सलग गोलांची नोंद आइस हॉकीत वेगळी होतेच. मध्ये दुसऱ्या कोणाचाही गोल न होता एकाच खेळाडूने तीन गोल केले, तर तिला तिथे ‘नॅचरल हॅटट्रिक’ म्हणतात. मराठीत मी तिला सरळ ‘सलग हॅटट्रिक’ म्हणेन. ‘नैसर्गिक हॅटट्रिक’ ऐकून मराठी वाचकाला काहीच बोध होणार नाही.

या सलग हॅटट्रिकचं सगळ्यात विलक्षण उदाहरण २३ मार्च १९५२ चं. स्थळ न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मोसमाचा शेवटचा दिवस. शिकागो ब्लॅकहॉक्स तिसऱ्या सत्रात न्यूयॉर्क रेंजर्सपेक्षा ६-२ असे मागे होते. त्या सत्राच्या ६ मिनिटं ९ सेकंदांवर शिकागोच्या बिल मोसिएन्कोने गोल केला. आइस हॉकीत गोलानंतर खेळ मैदानाच्या मध्यातून पुन्हा सुरू होतो. पंच पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, खाली टाकतो आणि दोन खेळाडू त्यासाठी झटतात, याला फेसऑफ म्हणतात. गस बॉडनारने फेसऑफमध्ये पक जिंकून मोसिएन्कोकडे दिला आणि ६:२० ला दुसरा गोल झाला. पुन्हा फेसऑफ, पुन्हा बॉडनार, आणि ६:३० ला तिसरा. पहिल्यापासून तिसऱ्या गोलापर्यंत अवघे २१ सेकंद! शिकागोने तो सामना ७-६ असा जिंकला. हातात तीन पक धरलेलं मोसिएन्कोचं छायाचित्र आजही जिथे तिथे दिसतं. मला मात्र बॉडनारचं नाव मुद्दाम घ्यावंसं वाटतं. तिन्ही गोलांना पास त्याचा होता, म्हणजे २१ सेकंदांत तीन गोलसहाय्यं, आणि हाही विक्रमच.

आकड्यांपुरतं पाहिलं तर हॅटट्रिक ही जुन्या काळी फार लहान गोष्ट वाटावी. १९०५ च्या जानेवारीत होणाऱ्या लढतीसाठी कॅनडाच्या युकॉन प्रांतातल्या डॉसन सिटीचा संघ स्टॅनले कपसाठी, म्हणजे आइस हॉकीतल्या मानाच्या चषकासाठी, ओटावाला आव्हान द्यायला निघाला. बर्फातून पायी, कुत्र्यांच्या गाड्यांवरून, मग रेल्वे, बोट आणि पुन्हा रेल्वे, असा हजारो किलोमीटरचा प्रवास करून ही मंडळी पोचली आणि लगेच खेळायला उतरली. पहिला सामना ते ९-२ असा हरले. दुसऱ्या सामन्यात, १६ जानेवारीला, निकाल लागला २३-२! ओटावाच्या एकट्या फ्रँक मॅगीचे १४ गोल होते. या मॅगीचा एक डोळा खेळतानाच निकामी झाला होता. तरीही पुढे तो पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल झाला आणि १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला. १९१७ मध्ये एनएचएल सुरू झाली तेव्हाही गोलांची रेलचेल होती. ३१ जानेवारी १९२० रोजी क्वेबेकच्या जो मलोनने एका सामन्यात सात गोल केले. तो विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

आता टोप्या. कॅनडातल्या तीन गावांना या प्रथेचं श्रेय हवं असतं, आणि तिन्ही कथांत टोपीवाला आहे. टोरांटोची कथा सर्वांत प्रसिद्ध: शिकागोचा ॲलेक्स कॅलेटा १९४६ च्या जानेवारीत सॅमी टॅफ्टच्या दुकानात शिरला, त्याला एक टोपी आवडली, पण खिशात पुरेसे पैसे नव्हते. टॅफ्ट म्हणाला, आज रात्री तीन गोल कर, टोपी फुकट. कॅलेटाने टोरांटोविरुद्ध चार केले. ग्वेल्फ गावात बिल्टमोर हा टोप्यांचा कारखाना होता आणि तिथल्या तरुणांच्या संघाला त्याच कारखान्याचा आश्रय होता. तीन गोल करणाऱ्याला कारखान्याची टोपी मिळे. मॉन्ट्रियलमध्ये आँरी आँरी हे टोप्यांचं दुकान असंच बक्षीस द्यायचं. तीन गोलांना हॅटट्रिक म्हणणं कॅनडातल्या वर्तमानपत्रांत टॅफ्टच्या आधीपासून आढळतं, त्यामुळे शब्द त्याने आणला असं म्हणता येत नाही. पण दुकानदारांनी एक मोठं काम केलं. क्रिकेटमध्ये टोपी केव्हाच विसरली गेली होती आणि उरला होता नुसता शब्द. बर्फावरच्या हॉकीत शब्दाला त्याची टोपी परत मिळाली. पुढे तर ती देण्याचं काम प्रेक्षकांनीच हाती घेतलं: तिसरा गोल झाला की डोक्यावरची टोपी काढायची आणि बर्फावर भिरकावायची. खेळ थांबतो, कर्मचारी फावडी घेऊन टोप्या गोळा करतात आणि मग पुढचा फेसऑफ.

या प्रथेची ताकद नियमावलीतही दिसते. ८ ऑक्टोबर १९९५ रोजी फ्लोरिडा पँथर्सच्या स्कॉट मेलनबीने सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये घुसलेला उंदीर स्टिकने मारला आणि त्याच स्टिकने नंतर दोन गोल केले. संघाचा गोलरक्षक जॉन व्हॅनबीसब्रूक याने त्याला नाव दिलं ‘रॅट ट्रिक’. ‘रॅट’ म्हणजे उंदीर, आणि यमक हॅटशी. मूळ शब्दात तीनचा आकडा नाहीच, म्हणून दोन गोलांवरही हा नवा शब्द बेतता आला. मग फ्लोरिडाने गोल केला की प्रेक्षक प्लास्टिकचे उंदीर फेकू लागले. १९९६ च्या अंतिम फेरीपर्यंत उंदरांचा खच पडायचा आणि प्रतिस्पर्धी गोलरक्षक जाळीत शिरून बसायचे. त्यानंतर नियम कडक झाला: प्रेक्षकांनी वस्तू फेकून खेळ खोळंबवला तर यजमान संघाला दंड. हॅटट्रिकसारख्या खास प्रसंगी फेकलेल्या वस्तूंना मात्र त्यातून सूट आहे.

राहिली गॉर्डी हाउ हॅटट्रिक. एका सामन्यात एक गोल, एक गोलसहाय्य आणि एक मारामारी, असं तिचं त्रिकूट. अधिकृत आकडेवारीत तिला स्थान नाही. हा चाहत्यांचा आणि समालोचकांचा शब्द. डेट्रॉइटचा हाउ कौशल्य आणि दांडगाई या दोन्हींसाठी नावाजलेला होता. एनएचएलमध्ये त्याने ८०१ गोल केले आणि वयाच्या ५२ व्या वर्षापर्यंत तो खेळला. मात्र स्वतःच्या नावाची ही हॅटट्रिक त्याच्या खात्यावर दोनदाच आहे, दोन्ही वेळा टोरांटोविरुद्ध. या शब्दाचं भाषांतर करू नये. नाव तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात अर्थ सांगावा.

लिहिण्यापुरतं सांगायचं तर शब्द जोडूनच लिहावा, हॅटट्रिक, आणि तो स्त्रीलिंगी: हॅटट्रिक साधली, हॅटट्रिक नोंदवली. गोलंदाज ती ‘घेतो’, गोल करणारा ‘करतो’ किंवा ‘साधतो’. आइस हॉकीच्या बातमीत ‘सामन्यात तीन गोल करून हॅटट्रिक साधली’ असं लिहिलं की वाचकाचा गोंधळ होत नाही, आणि गोल खरोखर सलग असतील तेव्हा ‘सलग’ हा शब्द आवर्जून घालावा.