डबा भरलेलाच परत येतो तेव्हा

"मॅडम, सकाळी डबा भरून देते आणि दुपारी तसाच परत येतो." गोव्यात डिचोली, वाळपई, पेडणे, कुठेही पालकसभा असली तरी हे वाक्य मला ऐकू येतंच. त्याच शाळेतल्या शिक्षिका मला बाजूला घेऊन सांगतात, "पौष्टिक म्हटलं की मुलं नाक मुरडतात हो." दोघींनाही मी सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा चौथीतला. आई पहाटे उठून नाचणीची भाकरी आणि चवळीची सुकी भाजी द्यायची. घरी डबा उघडला की भाकरी कडक झालेली, तुकडाही न मोडलेला. त्याची टीचर फार मायाळू. तिने वर्गात नाचणीचे गुण शिकवले, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळापेक्षा कितीतरी जास्त. मुलांनी ते वहीत उतरवलं. मग ती स्वतःच्या पैशांनी केळी आणून मधल्या सुट्टीत त्याच्या हातात ठेवू लागली. तो "थँक्यू टीचर" म्हणायचा आणि केळं दप्तरात टाकायचा. वह्यांना वास येऊ लागला तेव्हा समुपदेशक म्हणून मला बोलावणं आलं.

दोन भेटींत तो काही बोलला नाही. तिसऱ्या भेटीत मी खाण्याबद्दल विचारायचं सोडलं आणि म्हटलं, "डबा उघडलास की काय दिसतं?"

"काळी भाकरी."

"मग?"

"एकदा एकजण म्हणाला, शेणी आणलीस काय." शेणी म्हणजे शेणाची गोवरी.

"आणि टीचरनी दिलेलं केळं?"

बराच वेळ तो बोटाचं नख कुरतडत राहिला. "त्या फक्त मलाच देतात."

मी इतकी वर्षं हे काम करते, पण त्या वाक्याशी थबकले. भाकरीने त्याला वेगळं पाडलं होतं, केळ्याने आणखी वेगळं पाडलं. सगळ्यांसमोर एकट्याला मिळालेली मायाही मुलाला टोचते. मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांच्या विचारांवर वाढलेली. मूल आपण इथले आहोत का आणि इथे आपला उपयोग आहे का, हे सतत चाचपत असतं, हा त्यांचा विचार मला पोथीपेक्षा प्रत्यक्ष वर्गात जास्त पटत आला आहे. या मुलाला कोणी काही देण्याची गरज नव्हती. त्याच्याकडून काहीतरी घेणारं माणूस हवं होतं.

टीचरला म्हटलं, "केळी बंद करा. तुमचा डबा घेऊन वर्गात मुलांबरोबर बसा, आणि त्याच्याकडे भाकरीचा तुकडा मागा."

"मी मागू? मुलाकडे?"

तिचा संकोच मला समजला. शाळेत बचत गटाकडून पाव-भाजी येते, ती मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखायची असते, आणि ते काम त्या नेमाने करतात. पण चाखणं वेगळं आणि शेजारी बसून जेवणं वेगळं.

पहिल्या दिवशी त्याने अख्खा डबाच तिच्याकडे सरकवला, जणू सुटका झाली. तिने एक तुकडा घेतला, चवळीसोबत खाल्ला आणि आपल्या डब्यातली काकडी मध्ये ठेवली. कौतुक करायचं नाही, असं मी बजावलं होतं. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी तिने मागायच्या आत त्याने भाकरी मधोमध मोडली. "टीचर, तुमका जाय?" म्हणजे, तुम्हाला हवी? अर्धी तिला दिली आणि उरलेली अर्धी स्वतः खाल्ली. हे सांगताना फोनवर टीचरचा आवाज भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. शेणी म्हणणारा मुलगा त्या दिवशी नुसता बघत राहिला. मला तेवढंही पुरेसं होतं.

तुम्हाला वर्गात असं करायचं असेल तर घाई नको. आधी पालकांना विचारा: काजू-शेंगदाण्याने कुणाला त्रास होतो का, मासळी कुठल्या घरी चालत नाही, कुणाचा सोमवार असतो. वाटून खाण्याची सक्ती कधीच नको, न देणाऱ्या मुलालाही मान हवा. आठवड्यातला एकच दिवस ठरवा. विकतचं आणण्यापेक्षा घरात पिकणारं येऊ द्या, उकडलेली रताळी, चवथीच्या दिवसांत चिबूड. नवा पदार्थ मुलाच्या जिभेवर बसायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात हताश होऊ नका. खाल्ल्याबद्दल स्टार देऊ नका आणि डब्यात किती उरलं ते मोजू नका. आयांनीही दारातच डबा उघडून बघणं थांबवावं. आधी मुलाला घरात येऊ द्या.

आता तो पाचवीत दुसऱ्या शाळेत जाईल. "तिथे कोण त्याच्याबरोबर बसणार?" आई विचारत होती. तिथल्या वर्गशिक्षिकेशी मी बोलले आहे. त्यांचा सोमवार आणि गुरुवार उपास असतो, म्हणून बुधवार ठरला आहे.