आम्लात फुटणारे लिपोसोम फ्लास्कमध्येच का मोडतात?

प्रश्न : औषध पेशीच्या आत सोडणारे, आम्लात फुटणारे लिपोसोम (लिपिडच्या दुहेरी थराच्या सूक्ष्म पिशव्या) करतो आहोत. डीओपीई (एक फॉस्फोलिपिड) आणि केम्स (कोलेस्टेरॉलपासून बनवलेले लिपिड) 6:4 मोल प्रमाणात, एकूण लिपिड 10 मिलिमोलर. क्लोरोफॉर्म उडवून लिपिडचा पापुद्रा करतो आणि त्यावर सामू 7.4 चे 10 मिलिमोलर हेपीस बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) घालतो. दर वेळी पांढऱ्या गुठळ्या होतात, 100 नॅनोमीटर छिद्रांचा गाळण्याचा पडदा तुंबतो. लिपिड खराब निघाले का?

उत्तर : लिपिडला दोष देण्याआधी फ्लास्कमधला सामू मोजा. केम्स हे आम्ल आहे. तुमच्या मिश्रणात ते 4 मिलिमोलर आहे आणि भिजताना जवळपास तेवढेच प्रोटॉन सोडते. तुमच्या बफरमध्ये ते झेलणारा भाग जेमतेम 4.4 मिलिमोलर! बफर संपते, सामू 6 कडे घसरतो. जे पेशीतल्या एंडोसोममध्ये (आत घेतलेला माल ठेवणाऱ्या आम्लयुक्त पिशवीत) घडायचे, ते काचेतच घडते. डीओपीईचे डोके लहान, शेपट्या फाकलेल्या. एकटे असले की खोलीच्या तापमानाला ते दुहेरी थर धरत नाही. त्याला थरात धरून ठेवतो तो केम्सचा ऋण प्रभार. आम्लात तो प्रभार गेला की गुठळ्या.

50 मिलिमोलर हेपीस, सामू 8 वापरा. मग तेच प्रोटॉन सामू फार तर 7.8 पर्यंत खाली आणतात. पापुद्रा निर्वातात किमान 2 तास ठेवा, उरलेला क्लोरोफॉर्म थर गळका करतो. भिजवल्यावर सामू पुन्हा मोजा; 7.5 खाली असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. पडद्यातून विषम वेळा, 11 किंवा 21 वेळा, ढकला. म्हणजे शेवटचा माल दुसऱ्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेले कण पहिलीत राहतात.

प्रश्न : लिपोसोममध्ये 80 मिलिमोलर कॅल्सीन (दाटीत मंद, बाहेर गळून विरळ झाले की चमकणारा रंग) भरले. सामू 5 ला गळती फारच कमी दिसते.

उत्तर : गळती होत असेलही, पण आम्लात कॅल्सीनची चमकच मंदावते. आम्लातला 20 मायक्रोलिटर नमुना सामू 7.4 च्या 2 मिलिलिटर बफरमध्ये टाकून मगच वाचा. 100 टक्के गळतीच्या मापासाठी त्यातच ट्रायटन एक्स-100 (सगळे लिपोसोम फोडणारे डिटर्जंट), अंतिम 0.1 टक्का. बाहेरच्या बफरचा परासरण दाब आतल्या कॅल्सीनइतका मिठाने जुळवा. नाहीतर पाणी आत शिरून लिपोसोम सामू न बदलताही गळतील. रक्तद्रवात टिकावेत म्हणून पेग-लिपिड (पेग या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरची साखळी जोडलेले लिपिड) घालणार असाल तर 1 मोल टक्क्यापासून सुरुवात करा. 5 टक्क्यांना ते थराला इतके सावरते की आम्लातले फुटणेच मंदावते.