गाडी धावते, तरी बॅटरी भरत नाही: मोटरहोमच्या विजेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चार-पाच तास गाडी चालवूनही मुक्कामाला पोचल्यावर केबिनची (राहत्या भागाची) बॅटरी १२.३ व्होल्टच दाखवते. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारा जनरेटर) तपासून घेतला, तो ठीक आहे. बॅटरी ११० अँपिअर-तासांची एजीएम (शिशाच्या बॅटरीचा सीलबंद प्रकार) असून दीड वर्षापूर्वी घेतली आहे. ती बदलावी का?

उत्तर: एवढ्यात बदलू नका. दोष बॅटरीपर्यंतच्या वायरिंगमध्ये असेल, तर नवी बॅटरीसुद्धा अशीच अर्धवट राहील आणि लवकर खराब होईल.

अल्टरनेटर ठीक आहे याचा अर्थ इंजिनच्या बॅटरीपर्यंत वीज पोचते, एवढाच. तिथून केबिनपर्यंत लांब वायर, दोन फ्यूज, एक रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि चेसिसचे अर्थिंग (गाडीच्या सांगाड्यातून वीज परतण्याची जोडणी) येते. यातल्या कुठल्याही सांध्यावर गंज असला की व्होल्टेज तिथेच गळते. इंजिन सुरू करा आणि केबिनमधले दिवे, पंखा, पंप सगळे चालू करा. वायरमधून करंट वाहत नसेल तर घट दिसतच नाही. मल्टिमीटरने आधी इंजिनच्या बॅटरीवर, मग केबिनच्या बॅटरीवर मोजा. टोके क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खांबावर टेकवा. एकीकडे १४.३ आणि दुसरीकडे १३.१ आले, तर १.२ व्होल्ट वाटेत गेले. एजीएमला पूर्ण भरायला साधारण १४.४ ते १४.७ व्होल्ट लागतात. १३.१ व्होल्टवर ती दिवसभर ठेवली तरी भरणार नाही.

आता गळती शोधा. मीटरचे एक टोक फ्यूजच्या या बाजूला आणि दुसरे त्या बाजूला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर फ्यूज काढून त्याची बैठक घासून साफ करा. रिले, प्रत्येक लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि निगेटिव्ह बाजूही अशीच तपासा. निगेटिव्हसाठी एक टोक केबिनच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर ठेवा. ही बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि रंगावर घट्ट केलेला अर्थिंगचा बोल्ट तिथेच सापडतो.

सांधे स्वच्छ असूनही घट राहिली तर वायर बारीक आहे. जाऊन-येऊन १२ मीटर लांबीची ६ चौरस मिमीची तांब्याची वायर असेल, तर ३० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट वायरच खाते. १६ चौरस मिमीची टाकली तर ही घट ०.४ व्होल्टवर येते.

एक शक्यता उरते. बऱ्याच नव्या गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. इंजिनची बॅटरी भरली की तो व्होल्टेज मुद्दाम साडेबारा-तेरापर्यंत खाली आणतो आणि वेग कमी होताना पुन्हा वर नेतो. गाडी सुरू केल्यावर लगेच १४.४ आणि अर्ध्या तासाने इंजिनच्या बॅटरीवरच १२.७ दिसले, तर साधा रिले उपयोगाचा नाही. डीसी-डीसी चार्जर बसवा. तो कमी व्होल्टेज उचलून बॅटरीला हवे तेवढे देतो. ३० अँपिअर देणारा चार्जर इंजिनकडून त्याहून जास्त करंट ओढतो, म्हणून वायर आणि फ्यूज आत येणाऱ्या करंटप्रमाणे निवडा. या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तेव्हा फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

आणि हे केल्यावरही फक्त प्रवासावर विसंबू नका. शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. सोय असेल तिथे रात्रभर मेन्सच्या चार्जरवर लावत जा.

प्रश्न: सगळी बटणे बंद करून गाडी उभी ठेवतो, तरी दोन आठवड्यांत बॅटरी उतरते.

उत्तर: बटण बंद असूनही काहीतरी वीज खात आहे. केबिनच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून ती वायर आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना पंप किंवा इन्व्हर्टर चालू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. कंट्रोल पॅनेल शांत व्हायला अर्धा तास द्या, मग आकडा बघा. ०.१५ अँपिअर नगण्य वाटतो, पण दिवसाला ३.६ अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी १४ दिवसांत निम्मी होते. आता एकेक फ्यूज काढा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, त्याच्या सर्किटवर दोष आहे. गॅसचा अलार्म, टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर, स्टँडबायवरचा इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित. बॅटरी एका रात्रीत बसत असेल, तर गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या १२ व्होल्ट हीटरचा रिले चिकटला आहे का ते आधी बघा. तो हीटर एकटाच १० अँपिअरहून जास्त ओढू शकतो.

उतरलेली शिशाची बॅटरी तशीच ठेवू नका. प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि गेलेली क्षमता परत येत नाही.

प्रश्न: कडाक्याच्या थंडीत सकाळी चार्जर चालू असतो, पण लिथियम बॅटरीत करंट शून्य. मीटरवर मात्र १३.२ व्होल्ट दिसतात.

उत्तर: बॅटरीतला बीएमएस (सेलची राखण करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) आपले काम करतो आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचे तापमान ० अंशांखाली असताना चार्ज केले, तर आत धातुरूप लिथियम साचते आणि सेल कायमचा बिघडतो. बीएमएसला वळसा घालून चार्ज करू नका. केबिन गरम करा, सेल ऊब धरतील आणि चार्जिंग आपोआप सुरू होईल. बॅटरी बाहेरच्या कप्प्यात असेल तर ती आत हलवणे किंवा हीटरवाली बॅटरी घेणे हाच टिकाऊ उपाय.

१३.२ व्होल्टवरून किती वीज उरली हे ठरवू नका. या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास हलतच नाही. शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर बसवा.

प्रश्न: बॅटरी भरलेली असताना किटली लावली की इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो.

उत्तर: १००० वॅटसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० ते १०० अँपिअर जातात. किटली चालू असताना बॅटरीच्या खांबांवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या पुढे असेल तर दोष वायरचा किंवा क्रिम्पचा (वायरवर दाबून बसवलेल्या लगचा). दीड मीटरच्या आत असलेल्या इन्व्हर्टरला ३५ चौरस मिमी, त्याहून लांब असेल तर ५० घ्या. बॅटरीच्या खांबांवरच व्होल्टेज साडेदहाकडे घसरत असेल, तर ती बॅटरी थकली आहे किंवा एवढ्या लोडला लहान पडते.