गाणं देण्याआधी कागद वाच

भाऊ, तुझं अहिराणी गाणं ऐकलं. आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रोटांचा वास आला त्यात! आता लग्नसराईत डीजेवर वाजवायला कुणी थोडे पैसे देऊन 'सगळे हक्क' लिहून मागेल. कॅसेटच्या काळात आम्ही ते दिले. माझं गाणं धुळ्याकडे अजून वरातीत वाजतं, मला छदाम मिळत नाही.

तू करार नीट वाच. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षंच धरतो, म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द आधी शोध. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सभासदत्व घे. गाण्याचा ठेका वाढवायला सांगतील, वाढव. आजीच्या तोंडचे शब्द मात्र बदलू देऊ नकोस. सही करण्याआधी कागद घेऊन जळगावला माझ्याकडे ये.